होकायंत्र, खिळा आणि एक सेल: वीज-चुंबकाचं नातं घरच्या टेबलावर कसं तपासाल

आमच्या अलिबागला एक चुंबकीय वेधशाळा आहे. लहानपणी तिच्या फाटकावरून जाताना मला वाटायचं, आत खोलीएवढाले चुंबक ठेवलेले असणार. पुढे कळलं की प्रकार नेमका उलटा आहे, तिथे लोखंडालाच मज्जाव. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होते. आधी ही नोंद मुंबईत कुलाब्याला व्हायची. मग घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं आणि वेधशाळेला कुलाबा सोडून खाडीपलीकडे यावं लागलं. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं, दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेऊन ताळा जमवला आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली तेव्हा चुंबकमापनाची सगळी उपकरणं सुखरूप इकडे आलेली होती. डॉ. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. इमारतीसाठी दगड आणला तो थेट पोरबंदरचा, कारण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही थोडं चुंबकत्व असतं.

ट्राम रुळावर, वेधशाळा आपल्या कंपाउंडात. मग ट्रामनं वेधशाळेचं काय घोडं मारलं होतं? हा प्रश्न मला पडायला चाळिशी उजाडली. मी बी.कॉम., दहावीनंतर विज्ञानाशी काडीमोड घेतलेला. भाची दहावीत गेली आणि 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, यात डावा हात कधी आणि उजवा कधी?" मला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते कधी कळलंच नव्हतं, मी पाठ केलं होतं. मग दोघींनी दिवाळीच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर सगळं करून पाहिलं. तीन दिवसांचं काम आठ दिवस चाललं, कारण प्रत्येक ठिकाणी आम्ही एकदा तरी फसलो. तुमचे ते पाच दिवस वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी सामान

- होकायंत्र. काटा मोकळा फिरणारं. किल्ल्यांच्या पायथ्याशी विकायला असतं ते खेळण्यातलं चालतं, फक्त घेताना फिरवून बघा.
- साधे १.५ व्होल्टचे पेन्सिल सेल, चार-पाच.
- इनॅमल (वीज अडवणारा लेप) लावलेली तांब्याची तार, २८ गेज आणि ३६ गेज (आकडा मोठा तशी तार बारीक). ही मोटार वाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २८ गेजची १०० ग्रॅम म्हणजे सुमारे १०० मीटर. ३६ गेजची ५० ग्रॅम म्हणजे १९० मीटरच्या आसपास. एवढी पुष्कळ झाली. मी पाव किलो घेऊन आले, ती अजून माळ्यावर आहे.
- चार इंची लोखंडी खिळा, टाचण्या, दोन मोठ्या सेफ्टी पिना, पॉलिश पेपर, चिकटपट्टी.
- १२ मिलिमीटर व्यासाचे निओडिमियम चुंबक, चार. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.
- मल्टिमीटर, जमल्यास काट्याचा. का ते चौथ्या पायरीला कळेल.
- लाल एलईडी दोन, २० मिलीची एक सिरिंज (सुई नको).
- तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पाइपचा हात-दीड हात तुकडा. चुंबक आतून सहज सरकेल इतका रुंद हवा. एसी बसवणाऱ्याकडे मागून बघा.

हे सामान घरात कुठे मांडायचं ते ठरवण्याआधी तीन गोष्टी. भिंतीतल्या प्लगचा यातल्या कशाशीही संबंध येत नाही, येऊ देऊ नका. मोबाइलची किंवा स्कूटरची बॅटरी वापरू नका, तिची दोन टोकं तारेनं थेट जोडली तर आग लागू शकते. आणि निओडिमियमचे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटून बसतात, अशा वेळी घरी थांबायचं नसतं, थेट दवाखाना. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हे चुंबक त्या व्यक्तीपासून लांब ठेवा.

पायरी १: होकायंत्रावरून तार न्या

होकायंत्र लाकडी टेबलावर ठेवा. स्टीलचं फर्निचर, फोन, स्पीकर सगळं दोन हात लांब. काटा उत्तरेला स्थिर होऊ द्या. आता २८ गेजच्या तारेचा हातभर तुकडा घ्या आणि दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासा. वरचा तपकिरी इनॅमल पूर्ण निघून तांबं लखलखलं पाहिजे. इनॅमल पारदर्शक असतो, तार उघडीच आहे असं वाटतं आणि माणूस तासभर "सेल मेलाय बहुतेक" म्हणत बसतो. आम्ही दोन सेल फेकून दिले, दोन्ही चांगले होते.

तार होकायंत्राच्या काचेवर काट्याच्या बरोब्बर वरून, काट्याला समांतर धरा, म्हणजे दक्षिणोत्तर. टोकं सेलला टेकवा. दोन-तीन सेकंदच, कारण तार आणि सेल दोन्ही तापतात.

काटा वळतो. आणि कसा वळतो ते नीट बघा. तो तारेकडे ओढला जात नाही, तारेपासून ढकलला जात नाही, तो तारेला आडवा व्हायला बघतो. वरच्या तारेत वीज दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असेल तर काट्याचं उत्तर टोक पश्चिमेला जातं. सेल उलटा करा, पूर्वेला जातं. तार होकायंत्राच्या खालून न्या, पुन्हा दिशा बदलते. म्हणजे तारेच्या वर एक दिशा, खाली उलटी दिशा. चुंबकाचा हा परिणाम तारेभोवती बांगडीसारखा गोल आहे. पुस्तकातला 'उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम' म्हणजे एवढंच: अंगठा विजेच्या दिशेनं, बाकीची बोटं वळलीत तशी ही बांगडी.

१८२० मध्ये कोपनहेगनच्या हान्स ख्रिस्तियन अर्स्टेडनं हेच पाहिलं आणि युरोपभर खळबळ उडाली. तोपर्यंत वीज वेगळी, चुंबक वेगळा असाच समज होता. शिवाय ओढणं आणि ढकलणं हे दोनच प्रकार लोकांना ठाऊक होते. आडवं वळवणं हे नवंच होतं.

फसण्याची जागा: तार पूर्व-पश्चिम ठेवली तर काटा हलतच नाही, नाहीतर गर्रकन उलटा फिरतो. तार आधीच काट्याला आडवी असल्यामुळे वळवायला काही उरत नाही. प्रयोग 'फेल' गेला म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची तार आडवी असते.

थोडा हिशेब आवडत असेल तर हा बघा, नसेल तर पुढे जा. सरळ तारेतून २ अँपिअर वीज जात असेल तर १ सेंटिमीटर अंतरावर तिचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) भरतं. आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग ३८ ते ४० मायक्रोटेस्लाच्या घरात आहे. म्हणजे एका पेन्सिल सेलनं तुम्ही बोटाएवढ्या जागेत अख्ख्या पृथ्वीशी बरोबरी करता, आणि काटा दोघांच्या मध्ये ४५ अंशांवर उभा राहतो. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये चुंबकीय सेन्सर असतो, 'फायफॉक्स' नावाचं फुकट ॲप त्याचे आकडे मायक्रोटेस्लात दाखवतं. तार फोनच्या वरच्या भागाजवळ नेऊन आकडे बदलताना बघता येतात.

मग भिंतीतल्या तारांजवळ होकायंत्र का हलत नाही? भाचीनं हे विचारलं आणि मी गप्प झाले. कारणं दोन. घरची वीज एसी, ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे करते. काटा बिचारा कुणाचं ऐकणार? आणि फेज व न्यूट्रल या दोन तारा शेजारी-शेजारी असतात, एकीतून वीज जाते तेव्हा दुसरीतून परत येते, दोघींच्या बांगड्या एकमेकींना जवळपास पुसून टाकतात.

ट्रामचं मात्र तसं नव्हतं. ट्रामची वीज डीसी, एकाच दिशेनं जाणारी. वरच्या तारेतून येणार, रुळातून परतणार आणि वाटेत थोडी जमिनीतही पाझरणार. समजा १०० अँपिअर वाहून नेणारी एकटी तार १०० मीटरवर आहे. तिचा परिणाम ०.२ मायक्रोटेस्ला. तुमच्या होकायंत्राला याचा पत्ताही लागणार नाही, पण वेधशाळेला याच्या दोनशेव्या हिश्शाएवढे बदल टिपायचे असतात. दर ट्रामबरोबर पृथ्वीच बदलल्यासारखी दिसली असती.

पायरी २: तार गुंडाळा

सरळ तारेचा जोर तोकडा. तीच तार खिळ्यावर शंभर वेढे गुंडाळा, सगळे एकाच दिशेनं. प्रत्येक वेढ्याची बांगडी शेजारच्या बांगडीला मिळते आणि आतमध्ये सगळ्यांचा जोर एका दिशेला लागतो. याला पुस्तकात नालकुंतल म्हणतात, वाइंडिंगच्या दुकानात कॉइल. आत लोखंड असलं की ते स्वतः चुंबक बनून या जोराला कितीतरी पटींनी वाढवतं. टोकं घासा, सेल जोडा, टाचण्या उचला.

आम्ही पन्नास वेढ्यांना किती टाचण्या, शंभराला किती अशी वही केली होती. भाचीच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा तक्ता भाव खाऊन गेला. दोन इशारे: अर्धे वेढे सुलट आणि अर्धे उलट गुंडाळले तर ते एकमेकांना मारतात. आणि सेल काढल्यावरही दोन-चार टाचण्या लटकून राहिल्या तर घाबरू नका, खिळ्यात थोडं चुंबकत्व उरतं. पोलादाच्या स्क्रू-ड्रायव्हरवर गुंडाळलंत तर पुष्कळच उरतं.

पायरी ३: तारेला हलवा (मोटार)

पहिल्या पायरीत तार जागच्या जागी होती आणि चुंबक, म्हणजे होकायंत्राचा काटा, हलला. आता चुंबक घट्ट बसवा आणि तार मोकळी सोडा. धक्का दोघांना सारखाच बसतो, जो मोकळा तो हलतो. मोटारीचं सगळं गुपित इथे आहे. मायकेल फॅरडेनं १८२१ मध्येच, पाऱ्याच्या भांड्यात, विजेची तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली होती.

आपली मोटार सोपी. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्तांनी ती आपल्याकडच्या शेकडो मुलांपर्यंत पोचवली. २८ गेजच्या तारेचे सेलभोवती दहा-बारा वेढे घेऊन कडं काढून घ्या. दोन टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढा. सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर घेऊन सेलच्या दोन्ही टोकांना एकेक सेफ्टी पिन उभी बांधा, पिनांच्या भोकांत कड्याची टोकं ठेवा. सेलच्या पाठीवर एक चुंबक चिकटवा. कड्याला हलकी टिचकी मारा.

फिरेल, पण एका अटीवर. एका टोकाचा इनॅमल चहूबाजूंनी काढायचा, दुसऱ्या टोकाचा फक्त अर्ध्या बाजूचा. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर कडं थोडं झुलतं आणि थांबतं, कारण अर्धा फेरा चुंबक त्याला पुढे ढकलतो आणि उरलेला अर्धा फेरा मागे. मागे ढकलण्याच्या वेळी वीज बंद पडावी म्हणून तो अर्धा इनॅमल ठेवायचा. आम्ही इथे एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी जमलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि माझ्या बहिणीनं आम्हा दोघींनाही झोपायला पाठवलं.

पायरी ४: उलटा प्रवास

विजेनं चुंबक होतो. मग चुंबकानं वीज व्हायला हवी. अर्स्टेडनंतर हा विचार अनेकांच्या डोक्यात आला, आणि जमायला अकरा वर्षं लागली. एवढी हुशार माणसं कुठे अडली, हे तुम्ही स्वतः अडल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी चुकीचं करून बघा.

सिरिंजच्या नळीवर ३६ गेजच्या तारेचे हजारभर वेढे घाला, मधल्या दोन सेंटिमीटरमध्येच. हाताने चार तास लागतात. हॅन्ड ड्रिलला सिरिंज अडकवून हळू फिरवली तर वीस मिनिटं. शंभर-शंभर मोजून वहीत रेघ मारा. ही तार केसासारखी आहे, ओढून तोडू नका. टोकं मल्टिमीटरला जोडा आणि मीटर सर्वांत लहान डीसी व्होल्टवर ठेवा. चार चुंबकांची चवड नळीच्या आत ठेवा. मीटर बघा.

शून्य. चुंबक दुप्पट करा, शून्य. रात्रभर ठेवा, शून्य.

जिनिव्हाच्या कोलाडोननं १८२५ मध्ये जवळपास हेच केलं. चुंबकाचा थेट परिणाम मापकावर होऊ नये म्हणून त्यानं मापक दुसऱ्या खोलीत ठेवलं. चुंबक कॉइलमध्ये घातला, मग चालत त्या खोलीत गेला. काटा शांत. वीज तयार झाली होती आणि तो पोचेपर्यंत संपलीही होती.

आता चुंबक आत-बाहेर करा. आत जाताना काटा एकीकडे उडतो, बाहेर येताना दुसरीकडे, थांबलात की परत शून्यावर. जितक्या झपाट्यानं हलवाल तितका काटा जास्त उडतो. चुंबक जवळ *असणं* पुरत नाही, कॉइलमधून जाणारं त्याचं क्षेत्र *बदलावं* लागतं. मागे वळून पहिल्या पायरीकडे बघितलं तर तिथेही हेच होतं. सेल नुसता टेबलावर पडला असता तर होकायंत्र ढिम्म राहिलं असतं. विजेचे कण वाहू लागले तेव्हा चुंबकत्व आलं. पाठांतर करताना हे माझ्या हातून निसटलं होतं. 'विजेमुळे चुंबक, चुंबकामुळे वीज' असं मी वर्षानुवर्षं म्हणत होते. *वाहत्या* विजेमुळे चुंबकत्व, *बदलत्या* चुंबकत्वामुळे वीज. ती दोन विशेषणं गाळली की सगळा धडा कोसळतो.

फॅरडे मूळचा पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला मुलगा. गणित जेमतेम, हात मात्र तयार. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १७ ऑक्टोबर १८३१ ला त्यानं चुंबकाची कांडी कॉइलमध्ये सरकवून काटा उडवला.

आता उलट करा. चुंबक टेबलावर स्थिर ठेवा आणि सिरिंज त्याच्यावरून खालीवर करा. काटा तसाच उडतो. कोण हललं याला महत्त्व नाही, दोघांमधली हालचाल मोजली जाते. हे बारीकसं निरीक्षण वाटेल, पण आइन्स्टाइनचा १९०५ मधला सापेक्षतेचा निबंध चुंबक आणि तारेच्या याच जोडीपासून सुरू होतो.

इथली फसगत मीटरची. डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि आपला झटका त्याच्या मधल्या फटीत निसटतो. भाची म्हणाली, "मावशी, हा मीटर कोलाडोनसारखाच आहे, चालत येतोय." काट्याचा मीटर म्हणून बरा. तो नसेल तर दोन लाल एलईडी एकमेकांना उलट जोडून कॉइलला लावा, खोलीत अंधार करा, नळीची दोन्ही तोंडं बोटांनी बंद करून झपाझप हलवा. आत जाताना एक लुकलुकतो, बाहेर येताना दुसरा. पन्नास-शंभर वेढ्यांत हे होणार नाही. एलईडीला दोनेक व्होल्ट लागतात आणि एका वेढ्यात जेमतेम काही मिलिव्होल्ट मिळतात, म्हणून हजार.

पायरी ५: पाइपमधून चुंबक सोडा

पाइप उभा धरा. आधी चुंबक बाहेरून लावून बघा, चिकटला तर तो पाइप लोखंडी आहे, दुसरा आणा. चिकटत नाही याची खात्री झाली की वरून आत सोडा, खाली हात धरा.

अर्धा मीटर पडायला एरवी एक तृतीयांश सेकंद लागतो. इथे चुंबक रमतगमत, तेलातून उतरावा तसा येतो. पाइपला न चिकटता. पाहुण्यांना दाखवायचा असेल तर हाच प्रयोग दाखवा.

पाइप म्हणजे एकावर एक रचलेल्या धातूच्या बांगड्या समजा. चुंबक जवळ येताना बांगडीत वीज फिरते, त्या विजेचा स्वतःचा चुंबक होतो (पायरी १ आणि २), आणि तो येणाऱ्याला अडवतो. चुंबक पुढे गेल्यावर मागची बांगडी त्याला मागे ओढते. नेहमी विरोधच. हा नियम १८३४ मध्ये लेंझनं मांडला.

ज्यांनी डायनामोवाली सायकल चालवली आहे त्यांना लेंझ पायांना माहीत आहे. डायनामो टायरला लावला की दिवा लागतो आणि पॅडल जड होतं. दिव्यातून वीज जायला लागल्यावर चुंबकाला फिरणं अवघड जातं, तो जादा जोर आपल्या मांड्यांतून येतो. कोयनेला तोच जोर पाणी लावतं. गावागावांत एकाच वेळी शेतीपंप सुरू झाले की जनित्र (जनरेटर) फिरवायला जड होतं आणि टर्बाइनवर जास्त पाणी सोडावं लागतं.

याच कारणासाठी ते व्हिडिओ खोटे असतात ज्यात पंख्याला चार चुंबक चिकटवले की तो बिनविजेचा कायमचा फिरतो, वर बल्बही लागतो. कुठेतरी खाली बॅटरी लपवलेली असते. त्यांच्या 'किट'वर पैसे घालवू नका.

पायरी ६: हालचाल न करता बदल

बदल हवा, तर चुंबक हातानं हलवायलाच हवा असं नाही. दुसऱ्या पायरीतल्या खिळ्यावर कागदाची एक गुंडाळी घाला आणि वरून ३६ गेजचे काहीशे वेढे घाला. आतल्या कॉइलला सेल, बाहेरच्या कॉइलला मीटर. सेल जोडताना काटा उडतो, जोडून ठेवलात की शून्य, काढताना उलटा उडतो. काढतानाचा झटका जोरदार असतो. बाहेरच्या कॉइलची उघडी टोकं बोटांत धरू नका, झिणझिण्या येतात. २९ ऑगस्ट १८३१ ला फॅरडेनं लोखंडी कड्यावर दोन कॉइली गुंडाळून पाहिलं ते हेच, चुंबकाच्या कांडीच्या दीड महिना आधी.

पुस्तकातलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), गावातली 'डीपी', ती हीच जोडी. एसी सारखी बदलत असल्यामुळे सेल काढ-घाल करायला कुणी लागत नाही. ११ हजार व्होल्ट आत, चारशेच्या आसपास बाहेर, त्यातली एक फेज आपल्या घरी २३० व्होल्ट. डीसी लावली तर डीपी नुसती तापेल. इंडक्शन शेगडीतही काचेखाली अशीच एक कॉइल असते, तिच्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा मागेपुढे करते, आणि दुसरी कॉइल म्हणजे तुमचं पातेलं. ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतो ते पातेलं चालतं, ॲल्युमिनियमचं चालत नाही. नवी भांडी घ्यायला जाताना पर्समध्ये एक चुंबक ठेवा.

पायरी ७: आता पुस्तक उघडा

डावा कधी, उजवा कधी? बोटांवरून दिशा ओळखायचे फ्लेमिंगचे दोन नियम आहेत: डावा हात मोटारीचा, उजवा जनित्राचा. आम्ही केलेली ओळ अशी: *डावा डोलवतो, उजवा उजळवतो.* भाचीला परीक्षेत उपयोगी पडली.

प्रदर्शनात परीक्षक हमखास विचारतात ते तीन प्रश्न. चुंबक कॉइलमध्ये नुसता ठेवला तर काय होईल? मोटार आणि जनित्र यांत फरक काय? (रचना जवळपास तीच, एकीला वीज देऊन फेरा घ्यायचा, दुसऱ्याला फेरा देऊन वीज. पायरी ३ ची मोटार हातानं फिरवली तर तीही थोडी वीज देते.) आणि तिसरा, हे दोघं इतके जोडलेले आहेत तर त्यांना दोन नावं का?

तिसऱ्याचं उत्तर जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं दिलं. त्यानं फॅरडेचं हातकाम गणितात बसवलं. बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र निर्माण करतं, बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय. दोघं एकमेकांना जन्म देत तारेशिवाय पुढे धावू शकतात. त्यांचा वेग किती हे त्यानं विजेच्या आणि चुंबकाच्या टेबलावरच्या मोजमापांतून काढलं, आणि उत्तर आलं सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचा वेग. १८६५ मध्ये त्यानं छापून टाकलं की प्रकाश ही याच जोडगोळीची लाट आहे. तो वारल्यानंतर, १८८७-८८ मध्ये, हाइनरिख हर्ट्झनं तशा लाटा प्रयोगशाळेत काढून दाखवल्या.

आवरताना

सेल तारांना जोडलेले विसरू नका, रात्रभरात रिकामे होतात. चुंबक एकमेकांपासून वेगळे करताना सरकवून काढा, ओढून नको, बोटाची कातडी अडकते. आणि होकायंत्र चुंबकांच्या डब्यात ठेवू नका. आम्ही ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं लाल टोक बिनदिक्कत समुद्राच्या उलट दिशेला, म्हणजे आमच्याकडे पूर्वेला, रोखलेलं. टिचकी मारली तर कुठेही जाऊन थांबायचं. चुंबकांनी काट्याचं चुंबकत्व विस्कटून टाकलं होतं.

तुमचंही तसं झालं तर दुरुस्ती घरीच होते. एक चुंबक दोऱ्याला टांगा, त्याची जी बाजू उत्तरेकडे तोंड करून थांबते तिच्यावर पेननं खूण करा. खूण नसलेली बाजू होकायंत्राच्या काचेवर मध्यभागी टेकवा, लाल टोकाच्या दिशेनं सावकाश ओढत बाहेर न्या, उचलून लांबून परत मध्यावर आणा. असं चार-पाच वेळा. मग चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवा आणि काटा थांबायची वाट बघा.